वॉटर्स की गिल्मर? आणि रॉकप्रेमींची इतर भांडणे

मागील अंकात आम्ही वाचकांना रॉक संगीताविषयीचे प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांत प्रश्न थोडे आणि मित्रांविषयीच्या तक्रारीच फार होत्या, ही गोष्ट आम्हांला मनापासून आवडली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न (पुणे) : आम्ही पाच जण अभियांत्रिकी महाविद्यालयापासूनचे मित्र दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकत्र जमून गाणी ऐकतो. बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स बाहेर पडल्यानंतरच्या पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडला पिंक फ्लॉइड म्हणायचेच नाही, असा आमच्यातील एकाचा हट्ट आहे. १९९४ सालचा ‘द डिव्हिजन बेल’ लावला की तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. उरलेल्या चौघांना तो अल्बम आवडतो. आमचे काही चुकते का?

उत्तर : आपले चुकत नाही. आपले मित्र मात्र दोन वेगळे प्रश्न एकाच दोरीत ओवत आहेत. बँडच्या नावावर हक्क कोणाचा, हा पहिला प्रश्न. आणि त्या नावाखाली निघालेले संगीत कसे आहे, हा दुसरा. पहिल्याचा निकाल कधीच लागला आहे. १९८५ साली वॉटर्स बाहेर पडले, तेव्हा आपल्यावाचून हा बँड संपलाच असे त्यांनी गृहीत धरले होते. गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मर आणि ड्रमवादक निक मेसन यांना ते मान्य नव्हते. प्रकरण वकिलांपर्यंत गेले, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नाव गिल्मर-मेसन यांच्याकडे राहिले.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे, कारण ‘खरा फ्लॉइड संपला’ ही हाकाटी १९८५ साली प्रथमच झाली असे नाही. बँडचा पहिला कवी, गायक आणि गिटारवादक सिड बॅरेट १९६८ साली दूर झाला, तेव्हाही अनेक श्रोत्यांनी हात झटकले होते. मागे राहिलेल्या चौघांनी त्याच्याच नसण्यातून १९७५ सालचा ‘विश यू वेअर हिअर’ उभा केला. त्या अल्बमचे काम चालू असताना, ५ जून १९७५ रोजी, डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस ॲबी रोडच्या स्टुडिओत येऊन बसला. तो बॅरेट आहे हे त्याच्या जुन्या सोबत्यांना बराच वेळ ओळखूसुद्धा आले नाही. आपले मित्र हा अल्बम नक्कीच डोक्यावर घेत असतील. मग एक सदस्य गेल्यावर बँडचे नाव अपात्र ठरते, हा नियम त्यांनी येथे का लावला नाही, असे त्यांना जरूर विचारावे.

त्यांना आणखी थोडे चिमटीत पकडायचे असल्यास १९८३ सालचा ‘द फायनल कट’ काढावा. त्यातील सर्व गाणी वॉटर्स यांची आहेत, परंतु कीबोर्डवादक रिचर्ड राइट तोवर बँडबाहेर गेलेले होते, आणि ती उणीव कानाला जाणवते. उलट ‘द डिव्हिजन बेल’मध्ये राइट परत आले आहेत, अनेक रचनांत त्यांचा वाटा आहे आणि एक गाणे त्यांनी स्वतः गायले आहे. फ्लॉइडच्या ध्वनीत गिटारच्या मागे धुक्यासारखा पसरलेला जो स्वरांचा थर असतो, तो मुख्यतः राइट यांचा. त्या कसोटीवर १९९४ चा अल्बम १९८३ च्या अल्बमपेक्षा १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ला जवळचा ठरतो. मात्र एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने मान्य करतो : शब्दांच्या बाबतीत गॅलरीतले गृहस्थ बरोबर आहेत. वॉटर्स यांच्या ओळींना जी धार आणि जो कडवटपणा होता, तो नंतरच्या गाण्यांत नाही, आणि सुंदर गिटारवादनाने ती जागा भरून निघत नाही. पुढच्या शनिवारी १९७७ च्या ‘ॲनिमल्स’मधील ‘डॉग्ज’ लावावे. सतरा मिनिटांची ही रचना वॉटर्स आणि गिल्मर या दोघांची मिळून आहे, आणि तिच्यातून कोणाही एकाला वजा केले तर ती कोसळेल. ती चालू असताना कोणी गॅलरीत जाणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

प्रश्न (बर्मिंगहॅम, इंग्लंड) : मी मूळचा सांगलीचा असून नोकरीनिमित्त येथे राहतो. माझे स्थानिक सहकारी ब्लॅक सॅबथ या इथल्याच बँडला ग्रामदैवत मानतात. मी लेड झेपेलिनचा भक्त असल्याचे कळल्यापासून ते मला ‘लंडनवाला’ म्हणून चिडवतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्यांना नकाशा दाखवावा. झेपेलिनचे गायक रॉबर्ट प्लांट यांचा जन्म बर्मिंगहॅमला लागूनच असलेल्या वेस्ट ब्रॉमिचचा, आणि ड्रमवादक जॉन बॉनम रेडिचचे, म्हणजे तेही त्याच परिसरातले. गिटारवादक जिमी पेज आणि बासवादक जॉन पॉल जोन्स लंडनच्या बाजूचे, हे खरे. पण निम्मा बँड आपल्या सहकाऱ्यांच्या अंगणातलाच आहे. आपण सांगलीचे असल्यामुळे हे आपल्याला चटकन पटेल : मिरजेत अब्दुल करीम खाँ आणि कोल्हापुरात अल्लादिया खाँ, मध्ये अंतर पन्नासेक किलोमीटरचे, तरी किराणा आणि जयपूर या गायकींच्या रसिकांत वादाला कधी खळ पडला नाही. शेजाऱ्यांचे वाद असेच चिवट असतात.

आता गुणांचे बोलायचे, तर सहकाऱ्यांचा अभिमान पोकळ नाही. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. तेथील नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, हलक्या तारा चढवल्या, आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी गिटार खालच्या स्वरात लावायला सुरुवात केली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधील काही गाण्यांत ती नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली उतरलेली आहे. हेवी मेटल म्हणून जो जड, काळोखा आवाज पुढे जगभर गेला, त्याच्या मुळाशी एका कामगाराने अपघातावर काढलेला हा तोडगा आहे. झेपेलिनकडे एवढे वजन नाही. त्यांच्याकडे पैस आहे. ब्लूज, इंग्लंडचे लोकसंगीत आणि अरबी वळणाच्या सुरावटी हे सारे त्यांच्यात मावते. पेज आणि प्लांट तर १९७२ साली मुंबईत येऊन येथील वादकांसह आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून गेले होते, आणि ती मुद्रिते २०१५ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाली.

आमचे मत विचाराल, तर आठवड्याचे सहा दिवस झेपेलिन आणि सातव्या दिवशी सॅबथ. पण तो सातवा दिवस कोणी काढून घेतलेला आम्हांला चालणार नाही. ५ जुलै २०२५ रोजी व्हिला पार्क मैदानावर सॅबथचे मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजवून गेले आणि २२ जुलैला त्यांचे गायक ऑझी ऑझबर्न यांचे निधन झाले. तेव्हा आता तरी सहकाऱ्यांशी नमते घ्यावे. ब्रॉड स्ट्रीटवरील ब्लॅक सॅबथ पुलावर त्या चौघांच्या नावाचा बाक आहे. तेथे त्यांच्यासोबत एकदा बसून यावे, आणि मगच बॉनम यांचा विषय काढावा.

प्रश्न (ठाणे) : मी एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. बँडचे नाव असलेला टी-शर्ट घालून कार्यक्रमाला गेले की कोणी ना कोणी काका येऊन ‘या बँडची तीन गाणी सांग पाहू’ अशी तोंडी परीक्षा घेतात. मुलांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी गाणी सांगू शकते, पण का सांगावीत?

उत्तर : सांगू नयेत. त्याऐवजी आपण काकांना प्रतिप्रश्न करावा : १९४० च्या दशकात विजेची गिटार गळ्यात अडकवून, चर्चमधील भक्तिगीते थेट रॉक अँड रोलच्या उंबरठ्यावर आणून ठेवणारी व्यक्ती कोण? उत्तर आहे सिस्टर रोझेटा थार्प. त्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश व्हायला २०१८ साल उजाडले. काकांना त्यांचे नाव ठाऊक नसेल, तर ते एकटेच तसे नाहीत, एवढे सौजन्य आपण दाखवू शकता. आणि टी-शर्टवरून माणसाची आवड ओळखता येते हा समजही फारसा भरवशाचा नाही. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे गायक जॉनी रॉटन यांनी पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर ‘मला तिटकारा आहे’ अशा अर्थाचे शब्द खरडून तो मिरवला, आणि पंक चळवळीचे ते जणू बोधचिन्ह झाले. पुढे त्याच गृहस्थांनी आपल्याला तो बँड मुळात नावडता नव्हता, असे सांगून टाकले.

प्रश्न (वाई) : गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकल्याचे कळल्यापासून मी क्वीन हा ‘आपला’ बँड म्हणून सांगतो. माझा भाऊ म्हणतो की क्वीनमध्ये संगीत कमी आणि नाटक जास्त आहे. आपले मत काय?

उत्तर : ‘आपला’ हा शब्द जरा जपून वापरावा. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवत असे, एवढे निश्चित. क्वीन मात्र पूर्णपणे लंडनमध्ये घडलेला बँड आहे. आपण फार तर पियानोपुरता हक्क सांगावा.

राहिले नाटक. संगीत नाटकाच्या पदांवर पिढ्यान् पिढ्या माना डोलावणाऱ्या प्रदेशातील माणसाने गाण्यातील नाट्यावर आक्षेप घ्यावा, याचे आम्हांला नवल वाटते. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी असलेल्या ‘बोहेमियन रॅप्सडी’त ऑपेराचा भाग आहे, पण त्यातील गायकांचा प्रचंड ताफा म्हणजे तिघांचेच आवाज पुनःपुन्हा एकावर एक चढवून केलेली करामत आहे. क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांनी तर आपली गिटार वडिलांसोबत घरीच बनवली, आणि तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. सत्तरच्या दशकातील अल्बमांवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ अशी सूचना हा बँड छापत असे. भावाला आतषबाजी दिसते. तिच्यामागचे सुतारकाम त्याने एकदा हेडफोन लावून ऐकावे.

प्रश्न (मुंबई) : धोबी तलावच्या रंगभवनात आम्ही जे रॉक ऐकले, ते आता उरले नाही. आजच्या मुलांना हे कोण समजावणार?

उत्तर : कृपया कोणीही समजावू नये. रंगभवनाविषयीचा आपला जिव्हाळा आम्ही समजू शकतो. १९८६ पासूनचा इंडिपेन्डन्स रॉक हा सोहळा आणि इंडस क्रीड होण्यापूर्वीचा रॉक मशीन हा बँड त्या पिढीच्या आठवणीत आहे, आणि शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते खुले नाट्यगृह मुके झाले ही हळहळ रास्त आहे. पण बंद पडले ते ठिकाण, ऐकणारे नव्हेत. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने आपला जागतिक दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, तेव्हा चिखलधूळ तुडवत आलेल्या गर्दीत आपल्या पिढीचे जितके होते, तितकीच त्यांची मुलेही होती. बँडचे विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होते, हे त्या मुलांना आपल्याआधी ठाऊक होते.

प्रश्न (पणजी) : बीटल्स की रोलिंग स्टोन्स? कृपया एका शब्दात उत्तर द्यावे, कारण त्यावर पैज लागली आहे.

उत्तर : किंक्स. (पैजेचे पैसे दोघांनीही परत घ्यावेत. किंक्स बँडचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ साली ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून जो खरखरीत आवाज काढला, तो ऐकल्यावर आमच्या निवडीचे कारण विचारावेसे वाटल्यास पुढील अंकासाठी पत्र पाठवावे.)