कवितेचे शब्द कळतात, पण ‘खोल अर्थ’ सापडत नाही. तो शोधायचा कसा?

‘खोल अर्थ’ हा शब्द आधी सोडा. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ या परीक्षेतल्या प्रश्नाने जेवढे वाचक बिघडवले, तेवढे कठीण कवितांनीही नसतील.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी. हाताने उतरवून काढा, मोठ्याने दोनदा वाचा. मग रंगाच्या शब्दांखाली रेघा ओढा: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरव्यातून निघालेली कविता काळ्यात उतरते आणि शेवटच्या ओळीत रंगच नाही. आता क्रियापदे. झरा वाहतो, पायवाट डोहाकडे चालली, काळिमा पसरतो. शेवटी ‘बसला’. एवढ्या हालचालीत हा एकटाच स्वस्थ.

पुढे अन्वय लावा, म्हणजे ओळीतले शब्द साध्या गद्याच्या क्रमाने मांडा: ‘असला औदुंबर जळात पाय टाकून बसला.’ अर्थ लागला, पण काहीतरी गेले. मूळ कवितेत ‘औदुंबर’ अगदी शेवटचा शब्द आहे. शीर्षकात नाव सांगूनही सात ओळी झाड दिसत नाही. बहुतेक जण अन्वयावरच थांबतात आणि त्यालाच रसग्रहण म्हणतात. अन्वय लावायचा तो काय मोडले ते बघण्यासाठी. ‘असला’वरही थांबा. आज त्या शब्दाला तुच्छतेचा वास येतो (‘असला कसला!’), इथे तो ‘अशा तऱ्हेचा’ एवढेच सांगतो. जुन्या कवितेला आजचा कान लावला की अशी गफलत होते.

आणि ते मरणाचे प्रकरण. बालकवी १९१८ मध्ये रेल्वेखाली गेले, म्हणून काळा डोह म्हणजे मृत्यू, असे ठोकून देणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही. मृत्यू म्हणायचे तर म्हणा, पण मग काळिम्याला ‘गोड’ का म्हटले आहे त्याचा हिशेब द्या. जो अर्थ एखादा शब्द शिल्लक ठेवतो, तो अजून लागलेला नाही. चरित्र सगळ्यात शेवटी उघडावे.

मुक्तछंदात मात्र अन्वयाचा फारसा उपयोग नाही; तिथे ओळ कुठे तोडली आहे ते बघा, ओळी सलग लिहून काढल्या की फरक लगेच दिसतो. आणि हो, काही कवितांत खोल असे काही नसतेच. छान नाद असतो, तेवढाच.