'ता. क.' म्हणजे नेमकं काय? त्यातल्या 'कलम'चा पेनाशी संबंध आहे का?

ता. क. म्हणजे 'ताजा कलम'. पत्र लिहून झालं, खाली सही झाली आणि मग काही आठवलं, तर ते सहीखाली 'ता. क.' घालून लिहायचं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. तुमचा खरा प्रश्न 'कलम'चा आहे, आणि मजाही तिथेच आहे.

'ताजा' फारसी. 'कलम' अरबी, फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आला. अरबीत तो ग्रीक 'कालामोस'वरून आला असं मानतात. त्याचा अर्थ वेत किंवा बोरू. म्हणजे मूळ कलम हा आपला बोरूच, ज्याने मोडी लिहायचे तोच. बोरूचं टोक तिरकं छाटावं लागतं, त्यामुळे छाटण्याचा अर्थही शब्दाला चिकटला. आंब्याचं कलम आणि 'शिर कलम करणे' ही त्याचीच भावंडं. बोरूने लिहिलेली नोंद, मुद्दा, तेही कलमच. कायद्याचं कलम, करारातलं कलम या अर्थाने तो आपण रोज वापरतो.

मग 'ताजा कलम'मधला कलम कुठला? बरेच जण 'पुन्हा दौतीत बुडवलेली लेखणी' असं सांगतात. ऐकायला छान आहे, पण मला ते पटत नाही. जुन्या दफ्तरांत यादीतल्या एकेका बाबीला कलम म्हणत. त्या सवयीने पाहिलं तर 'ताजा कलम' म्हणजे नव्याने घातलेली बाब, हा अर्थ सरळ बसतो. बाकी पेनाशी नातं आहेच, फक्त आजोबांकडून.

गंमत म्हणजे शब्द फारसी-अरबी असले तरी उर्दूत पत्राखाली 'पस-नविश्त' लिहितात आणि हिंदीत 'पुनश्च'. 'ता. क.' मराठीत आणि गुजरातीत. मराठीत 'पुनश्च'ही चालतं, पण ते जरा सोवळ्यातलं वाटतं.

दरबारी पत्रांत मात्र असा मागाहून मजकूर घुसवणं सोपं नव्हतं. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा असे. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही वाढवलं तर ते आमचं नव्हे, असा त्याचा रोख. 'शिक्कामोर्तब'मधलं मोर्तब ते हेच. त्यामुळे सहीखाली मोकळेपणाने ओळ वाढवणं हे मुख्यतः घरगुती पत्राचं लक्षण.

आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. एवढ्याशा कार्डावर सगळं बसवताना ता. क. समासात उभं, कधी पत्त्याच्या बाजूला कडेने चढायचं. त्याच कार्डावर वर 'ता. ५' म्हणजे तारीख, पत्त्यात 'ता. वाई, जि. सातारा' म्हणजे तालुका आणि खाली 'ता. क.' एका 'ता.'चे तीन अर्थ, तरी कोणाचा घोळ होत नसे. होस्टेलवरच्या मुलांची पत्रं आठवा: दोन पानं ख्यालीखुशाली, आणि 'ता. क. पैसे संपले आहेत.' घरचे आधी तेच वाचायचे!

आता पाठवण्याआधी मजकूर हवा तिथे घुसवता येतो, त्यामुळे खरं तर ता. क.ची गरज उरलेली नाही. तरी लोक लिहितात, बहुधा चिमटा काढायला. खुशाल लिहा, फक्त 'तळटीप'शी गल्लत करू नका. तळटीप मजकुरातल्या एखाद्या शब्दाचा खुलासा करते, ता. क. नवीन गोष्ट सांगतं. आणि ते नावाच्या खालीच यायला हवं. नावाच्या वर लिहिलंत तर तो पत्राचा शेवटचा परिच्छेद झाला.