एकदा कोविड होऊन गेलेल्या नर्सला कायमची इम्युनिटी असते का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या मिसेस मुंबईत स्टाफ नर्स आहेत, त्यांना २०२० मध्ये कोविड होऊन गेला, पुढे तिन्ही डोस झाले, तर आता कायमची इम्युनिटी आली असं धरायचं का, आणि खात्रीसाठी अँटिबॉडी टेस्ट करावी का.

टेस्टचं आधी सांगते. करू नका, पैसे फुकट जातील. बाकीचं सांगायला जरा मागे जावं लागेल. एरवी असे प्रश्न वाचून मी पुढे जाते, पण हा प्रश्न माझ्या रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, दहा महिने लटकलेला होता.

मी मुंबईतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे, बावीस वर्षं झाली. मे २०२० मध्ये मेडिसिन वॉर्डला होते. एका आजोबांना सुई लावायची म्हणून स्पिरिटचा बोळा हातात घेतला आणि वासच येईना. एन-९५ घातलेला होता, पण स्पिरिटची वाफ त्यातूनही आत येते, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा. खोलीत जाऊन मास्क काढला, बाटली नाकाशी धरली. साधं पाणी असावं तशी. तेव्हाच मला कळलं. दुपारी स्वॅब दिला, दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह. चौदा दिवस हॉस्पिटलजवळच्या एका लॉजवर काढले. भांडुपला घरी सासूबाई आणि दोन मुलं. मी तिथे गेले नाही म्हणून तिघंही वाचली, असं मी आजही मानते.

परत रुजू झाले. जुलैत सगळ्या स्टाफची अँटिबॉडी टेस्ट झाली, माझी पॉझिटिव्ह आली. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "तुझं होऊन गेलंय ना? मग तुला आता काही होत नाही. नवीन पोरींना कशाला पाठवू?" मीही मान डोलावली. नवीन पोरी खरंच नवीन होत्या, एक तर इंट्यूबेशनची, म्हणजे श्वासनळीत नळी घालायच्या सामानाची, ट्रॉली ढकलताना रडायची. बाकीच्यांना पंधरा दिवस कोविड आयसीयू आणि मग बदल असा क्रम होता. माझं नाव मात्र तिथेच राहिलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, एप्रिलपर्यंत. सहा तास पीपीई, छातीवर मार्करने लिहिलेलं नाव, ना पाणी ना बाथरूम. ग्लोव्ह्ज काढले की बोटं पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यासारखी.

सप्टेंबरमध्ये बातमी आली की मुंबईतल्याच चार आरोग्य कर्मचाऱ्यांना दुसऱ्यांदा कोविड झालाय, तीन नायर हॉस्पिटलचे आणि एक हिंदुजा हॉस्पिटलचा. दोन्ही वेळचे विषाणू जनुकीय तपासणीत वेगळे निघाले, म्हणजे जुनाच आजार रेंगाळला होता असं म्हणायला जागा नव्हती. चौघांनाही दुसऱ्या वेळी त्रास जास्त झाला होता. ऑक्टोबरमध्ये आयसीएमआरनेही, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही, पुनर्संसर्गाच्या तीन केसेस सांगितल्या, त्यातल्या दोन मुंबईच्या. मी ते कात्रण घेऊन इन्चार्जकडे गेले. त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या शहरात चार म्हणजे किती गं?" हिशोबाने त्यांचं चूक नव्हतं. पण ते चारही आमच्याच पेशातले होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्ट परत झाली. निगेटिव्ह! ऑफिसातून विचारणा झाली की पहिला रिपोर्टच चुकला असेल का. आणि रोस्टर? ते तसंच. आता कारण होतं, "लस झालीय ना." अँटिबॉडी होती तेव्हा ती आहे म्हणून कोविड आयसीयू, नाही तेव्हा लस आहे म्हणून कोविड आयसीयू.

त्या निगेटिव्हचा अर्थ मला लॅबमधल्या एका टेक्निशियन दादांनी समजावला, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. आमच्याकडचा किट विषाणूच्या आतल्या भागाविरुद्धच्या, म्हणजे न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटिबॉडी मोजणारा होता. त्या लवकर उतरतात. कोविशील्ड लशीने फक्त स्पाइकविरुद्धच्या, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या काट्यांविरुद्धच्या, अँटिबॉडी तयार होतात, त्यामुळे लस घेऊनही तो किट निगेटिव्हच दाखवणार. बरं, अँटिबॉडी उतरल्या म्हणून शरीर विसरलं असंही होत नाही. तुमच्या मिसेसना हिपॅटायटिस बी चं विचारा. तीन डोस झाले, टायटर, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण, दहाच्या वर आला, की पुढे काही वर्षांनी तो खाली गेला तरी आपण घाबरत नाही, कारण मेमरी सेल्स, म्हणजे विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, शाबूत असतात. कोविडमध्येही तसंच दिसलंय. आजार होऊन गेलेल्यांच्या अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोत, अँटिबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी अकरा महिन्यांनीही सापडल्या. आणि २००३ च्या सार्समधून, म्हणजे कोविडच्याच जातकुळीतल्या आजारातून, उठलेल्यांच्या रक्तात सतरा वर्षांनी त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी सेल्स, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मिळाल्या. सतरा वर्षं! टेस्टला नको म्हणते ते याचसाठी. तो कागद मेमरी सेल्सबद्दल काहीच सांगत नाही, पण ज्याच्या हातात पडेल तो आपल्याला हवं ते त्यातून वाचतो.

मग परत होतो कसा? ही मेमरी जागी व्हायला काही दिवस लागतात. गोवराचा विषाणू अंगभर पसरायला दहा-बारा दिवस घेतो, तेवढ्यात शरीर तयार होतं, म्हणून गोवर बहुधा एकदाच. सर्दी-फ्लूचे विषाणू आणि हा कोविड नाक-घशात दोन-तीन दिवसांतच हातपाय पसरतात. नाकातल्या अँटिबॉडी रक्तातल्यांपेक्षा लवकर ओसरतात, शिवाय विषाणूही रूप बदलत राहतो. म्हणून नाकात शिरकाव होतो, पण फुप्फुसापर्यंत जाण्याआधी बहुतेक वेळा तो अडवला जातो.

माझं तसंच झालं. जानेवारीत पहिला डोस, मार्चच्या सुरुवातीला दुसरा, आणि एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट अंगावर असताना, नाइटला पहाटे चार वाजता हुडहुडी भरली. स्वॅब पॉझिटिव्ह. तीन दिवस ताप, पाठ मोडून यावी तशी दुखत होती, पण सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, सत्त्याण्णवच्या खाली गेलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या आयसीयूत माझ्याहून लहान पेशंट गेले.

आणि रुजू झाल्यावर क्लार्कने विचारलं, "एकदा होऊन गेला, दोन डोस झाले, मग परत कसा?" माझे ते अकरा दिवस क्वारंटाइन रजेत धरलेच नाहीत, अर्जित रजेतून कापले. पहिल्या वेळचा रिपोर्ट आणा म्हणाले. तो लॉजवरच्या गडबडीत कुठे गेला, मला आजतागायत सापडला नाही.

आकडे हवे असतील तर तेही देते, कारण मी ते तोंडपाठ केलेत. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या पंचवीस हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवलं गेलं. आधी होऊन गेलेल्यांना परत होण्याचा धोका साधारण ८४ टक्क्यांनी कमी दिसला, तोही साधारण सात महिन्यांच्या काळात. हे विषाणूच्या अल्फा या रूपापर्यंतचं. ओमिक्रॉन हे पुढचं रूप आल्यावर कतारमधल्या अभ्यासात तोच बचाव ५६ टक्क्यांवर उतरला, गंभीर आजारापासूनचा मात्र ८८ च्या आसपास टिकला. म्हणजे तुमच्या मिसेसना परत पॉझिटिव्ह येणं अगदी शक्य आहे, हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ येणं बरंच कमी शक्य आहे.

गेल्या वर्षी त्या इन्चार्ज सिस्टरांचा रिटायरमेंटचा कार्यक्रम होता. फोटो काढताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बघ, म्हटलं होतं ना, तुला काही झालं नाही." मी गप्प बसले, कार्यक्रम त्यांचा होता. पण इथे लिहिते: मला झालं. मी त्यातून सुखरूप बाहेर आले त्याचं श्रेय माझ्या मेमरी सेल्सना आणि लसीला आहे, दहा महिने एकाच माणसाला आत ठेवणाऱ्या रोस्टरला ते मिळणार नाही. एकदा होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याला धोका कमी असतो, ही तिची स्वतःची कमाई आहे. ती खर्च करायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. पुढे कधी कुठलाही नवा श्वसनाचा आजार आला आणि "तुम्हाला होऊन गेलाय ना" म्हणून मिसेसना सलग लावलं, तर ते लेखी मागायला सांगा. आणि एन-९५ फिट बसतो की नाही ते दर वेळी बघायला सांगा, रिपोर्ट काहीही असो.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं धडधाकट माणसाचं आहे. मिसेसना डायबेटिस असेल, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलं औषध चालू असेल, तर वरचे आकडे त्यांना लागू धरू नका, त्यांच्या डॉक्टरांशी बोला. आणि फ्लूची लस दर वर्षी घ्यायला सांगा. तिचा कोविडशी संबंध नाही, पण वॉर्डातल्या आम्हा बायकांना ती घ्यायची आठवणच राहत नाही.

त्यांचा २०२० चा स्वॅब रिपोर्ट घरात कुठे आहे? आज रात्रीच शोधा, दोन झेरॉक्स काढा, एक तुमच्याकडे ठेवा.