सिनेगॉगच्या फाटकावर एवढा बंदोबस्त कशासाठी?

प्रश्न : गेल्या महिन्यात मुलीला एक जुने सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, दाखवायला घेऊन गेलो होतो. आधी परवानगी घेतली नसल्यामुळे फाटकावरच्या पोलिसांनी आम्हाला परत पाठवले. आमच्या शेजारी रायगडकडचे एक बेने इस्रायल ज्यू कुटुंब राहत असे. भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही, असे त्या घरातले आजोबा अभिमानाने सांगत. मग हा पहारा कशासाठी? – एक वाचक, पुणे

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे आणि पहाराही गरजेचा आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्रायल पिढ्यानपिढ्या घरात मराठी बोलत आणि पेणकर, नवगावकर अशा आडनावांतून गावाची ओळख जपत राहिले. शेजाऱ्यांनी धर्मावरून त्यांचा छळ केला नाही.

धोका आला तो बाहेरून. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कुलाब्याच्या नरीमन हाऊसमध्ये शिरलेले दहशतवादी तिथे चुकून पोचले नव्हते. हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने ती इमारत आधीच पाहून ठेवली होती, कारण तिथे छबाड या ज्यू धार्मिक चळवळीचे केंद्र होते. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण तिथे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल त्याला कडेवर घेऊन बाहेर पडल्या, म्हणून तो वाचला.

फाटकाचे मोल किती असते, हे जर्मनीतल्या हाले शहरात दिसले. ९ ऑक्टोबर २०१९ हा योम किप्पूरचा, म्हणजे उपवासाचा आणि प्रार्थनेचा सर्वांत पवित्र दिवस होता. सिनेगॉगमध्ये पन्नासच्या वर माणसे असताना एका ज्यूद्वेष्ट्याने बाहेरून गोळ्या झाडल्या आणि स्फोटके वापरली. आतली माणसे कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे सारे पाहत होती. लाकडी दाराची चाळण झाली, पण ते उघडले नाही. त्या दिवशी बाहेर पोलिसांचा पहारा नव्हता. हल्लेखोराने मग रस्त्यावरच्या एका स्त्रीचा आणि जवळच्या खाणावळीतल्या एका तरुणाचा जीव घेतला. त्या दाराविषयी लिहिताना आजही माझा हात थबकतो, कारण त्याच्या एक वर्ष आधी, २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या आणि प्रार्थनेच्या दिवशी, सकाळी अकरा उपासक मारले गेले होते.

शब्बाथ आणि सण ठरलेल्या दिवशी येतात; माणसे कधी जमणार हे हल्ला करणाऱ्यालाही आधीच ठाऊक असते. सणाच्या दिवसांत बंदोबस्त वाढतो तो त्यामुळेच. धमकी पोकळ निघाली तरी तिचा त्रास खराच असतो. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ज्यू केंद्रांना बॉम्बच्या शंभराहून अधिक खोट्या धमक्या आल्या, तरी अनेक ठिकाणी इमारत रिकामी करून बालवाडीतल्या मुलांना बाहेर न्यावेच लागत होते. मुलांना त्याचे कारण काय सांगायचे, हा प्रश्न त्या आईबापांपुढे उरला.

मुलीला पुन्हा अवश्य घेऊन जा. त्याआधी सिनेगॉगच्या व्यवस्थापकांकडे परवानगी मागा, दोघांची ओळखपत्रे जवळ ठेवा, शब्बाथ आणि सणाचे दिवस टाळा आणि विचारल्याशिवाय फाटकाचे किंवा पहाऱ्याचे छायाचित्र काढू नका.