तेच बोअरिंग, तिप्पट बिल?

प्रश्न : चार सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं इंजिन टर्बोसाठी बांधायला घेतलंय. फोर्ज्ड पिस्टन मागवलेत. बोअरिंग-होनिंगचं (सिलिंडर मोठा कापून आतून दगडाने घासण्याचं) दोन ठिकाणी विचारलं, तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या तिप्पट. वर तो म्हणतो, पिस्टन आल्याशिवाय ब्लॉकला हात लावणार नाही. हा मला लुटतोय का?

उत्तर : हात लावत नाही म्हणतोय, तिथेच तो मला आवडला. मी एकदा घाई केली होती. गिऱ्हाईक मागे लागलं म्हणून कॅटलॉगातल्या मापावर चारही बोअर करून मोकळा झालो. पिस्टन आले, मायक्रोमीटर लावला, तर चारही ०.०२ मिलिमीटरने बारीक! इंजिन थंड असताना पिस्टन खडखड वाजायचे. शेवटी पुढच्या ओव्हरसाइझचे, म्हणजे एक माप मोठे, पिस्टन माझ्या खिशातून आले.

आता तिप्पट कशाचे, ते बघा. हेड बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल दिसणारा बोअर हेड चढल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडच्या जागी टॉर्क प्लेट, म्हणजे जाड पोलादी पाट, ठरलेल्या टॉर्कवर आवळून मग होनिंग करतात. शिवाय पिस्टनही गोल नसतो. स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, पिनच्या काटकोनातच त्याचं माप घ्यायचं. बोअर डायलने (सिलिंडरचं आतलं माप घेणाऱ्या गेजने) एका सिलिंडरला तीन उंचींवर, दोन दिशांनी, म्हणजे चार सिलिंडरची २४ मापं. दगड फिरतो थोडा वेळ, माणूस मोजत बसतो फार. बिल त्या बसण्याचं असतं. २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पिस्टन तापल्यावर ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूच्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतात, त्यामुळे क्लिअरन्सही (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) पिस्टनसोबतच्या कार्डावरूनच ठरतो, अंदाजाने नाही.

स्वस्तवाल्याला दोनच गोष्टी विचारा : माझ्या ब्लॉकची टॉर्क प्लेट आहे का, आणि शेवटची मापं कागदावर लिहून देणार का? दोन्हीला ‘हो’ आलं तर खुशाल तिकडे जा.

मेन कॅपला (क्रँक ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या टोप्यांना) नवे स्टड घालणार असाल तर लाइन होनिंगचा, म्हणजे क्रँकची सगळी घरं एका रेषेत घासण्याचा, खर्च आत्ताच धरा. ताण बदलला की मेन बेअरिंगच्या घरांचा आकार बदलतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बदलले तर रॉडच्या मोठ्या घराचंही तेच. फिरत्या भागांच्या बॅलन्सिंगला मात्र कात्री लावू नका. आरपीएम दुप्पट झाले की असमतोलाचा जोर चौपट होतो. बरं, तुमचं इंजिन सरळ रांगेतलं, म्हणून बॅलन्सिंग करताना क्रँकला बॉबवेट (पिस्टन-रॉडच्या ऐवजी लावायची वजनं) बांधायची भानगड नाही. नेहमीच्या व्ही-८ वाल्यांना ती चुकत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर हेडचा फेस (ब्लॉकवर बसणारी बाजू) घासण्यावर वाचवा. पट्टी आणि फीलर गेज लावून हेड कंपनीच्या मर्यादेत सपाट निघालं तर ‘आलंच आहे तर मारून घेऊ’ म्हणू नका. कॅमशाफ्ट हेडमध्ये असेल तर हेड घासल्यावर कॅम खाली येतो नि व्हॉल्व्हचं टायमिंग मागे पडतं, मग ॲडजस्टेबल गिअरचा नवा खर्च. ब्लॉक घरीच पूर्ण उघडा, तेवढी मजुरी वाचेल.

आणि ब्लॉक देताना पिस्टन, रिंगा, त्यांचं कार्ड, वापरणार तेच हेड स्टड आणि त्याच जातीचं गॅस्केट एकाच खोक्यात द्या. मेन कॅपवर नंबर नसतील तर उघडण्याआधी पंचने घाला.