भंगारात आला शिशाचा डबा: सांगावं की विहिरीत टाकावा?

वणी तालुक्यातल्या एका भंगार व्यावसायिकाचं पत्र आहे. बंद पडलेल्या कोल वॉशरीचं (कोळसा धुण्याच्या कारखान्याचं) लोखंड त्यांनी किलोच्या भावानं उचललं. त्यात शिशाचा जड डबा निघाला, त्यावर तीन पात्यांचं, म्हणजे किरणोत्सर्गाच्या धोक्याचं चिन्ह. गड्यानं गॅस कटरनं डब्याची पट्टी कापली. दहा दिवसांनी त्याच्या हाताला फोड आले. शेजारीच अंगणवाडी. ‘मले का मालूम ते काय होय? पोलिसाले सांगतलं तं मीच आत जाईन. गडी म्हणते, पडक्या विहिरीत टाकून द्या,’ असं ते लिहितात.

भाऊ, विहिरीचं नाव काढू नका. वॉशरीत पाइपातून जाणाऱ्या गाळाची घनता मोजायला असं यंत्र बसवतात, आत बहुधा सीझियम-137 हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. त्याची ताकद निम्मी व्हायलाच 30 वर्षं लागतात. डबा हलवू नका, उघडू तर मुळीच नका. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा पाव होतो, म्हणून अंगणवाडी आजच दुसरीकडे बसवा.

धोका किती, हे मीटरशिवाय कुणी सांगू शकत नाही. मी नाही, सरपंचही नाही. डबा शाबूत असेल तर धोका जवळ वावरणाऱ्यांना. आतला पदार्थ बाहेर आला असेल तर गोष्ट वेगळी. ब्राझीलच्या गोयानिया शहरात 1987 साली भंगारात गेलेलं सीझियम असंच उघडलं गेलं. चौघे दगावले आणि लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. सामान्य माणसासाठी किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणारा मारा मोजायचं एकक) आहे. मोजणीच्या अहवालात हाच आकडा पाहा.

आता तुरुंगाचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) खाली बेपर्वाई किंवा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. चिन्ह ओळखलं नाही, हा तुमचा बचाव आहे, पण तो पत्र लिहीपर्यंतचाच. आता जाणूनबुजून डबा दडवलात तर पुरावा नाहीसा केल्याचं कलम 238 ही मागे लागू शकतं. दिल्लीच्या मायापुरीत 2010 साली कोबाल्ट-60 हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं यंत्र भंगारात आलं, एक कामगार गेला. अणुऊर्जा नियामक मंडळानं जाब विचारला तो यंत्र लिलावात विकणाऱ्या विद्यापीठाला.

म्हणून 112 ला फोन करा. जिल्हाधिकारी हेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांना आणि मुंबईच्या नियामक मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या. वॉशरीची काटा पावती, कच्चं बिल, फोनवरचे मेसेज जपा.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. त्या गड्याचे मालक तुम्हीच, तेव्हा कामगार भरपाईचा पहिला दावा तुमच्यावर येईल. सार्वजनिक दायित्व विमा कायदा (1991) इथं कामाचा नाही, केवळ किरणोत्सर्गानं झालेला अपघात त्याच्या व्याख्येतच बसत नाही. वॉशरीवाल्याकडून पैसे वसूल करायला दिवाणी दावा लागेल. त्यासाठी गड्याला आजच यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात न्या, रक्ततपासणी करा आणि केसपेपरवर ‘किरणोत्सर्गाचा संशय’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं ‘भाजले’ लिहिलेला कागद कोर्टात फार उपयोगी पडत नाही.