पोळी बंद करू का?

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगा १४ वर्षांचा, वर्षभर पोट फुगतंय, मधूनच जुलाब, हिमोग्लोबिन ९ आणि आयर्नच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही, वर्गात सगळ्यात बुटका. रविवारी मिसळ खाल्ली की त्रास होतो म्हणून आधी तर्रीलाच दोष दिला, आता जाऊबाई म्हणतात गहूच सोड. सोडू का?

उत्तर : ताई, एवढ्यात नको! तर्रीवर नाही, पावावर संशय घ्या, पण टेस्ट होईपर्यंत पोळी चालू राहू द्या, कारण गहू आधीच सोडला तर सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतडं बिघडण्याचा आजार) असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांकडे जा, टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए ही रक्ततपासणी असते, गरज वाटली तर ते दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासतात. निघालंच तर गहू, रवा, मैदा, सातू (जव) कायमचं बंद, ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदूळ चालतं. पण गिरणीत गव्हावर दळलेल्या पिठाची भाकरी नको हं, आणि हिंगाची डबी वाचा, त्यात बऱ्याचदा कणीक असते.